भागिले बावीस

शारजात साडेअकरा वर्षं माझ्या डोक्यात एक गुणाकार अखंड चालू होता. मॉलमध्ये पोरांनी आइस्क्रीम मागितलं की १८ दिरहमचा आकडा नीट वाचायच्या आधीच मला ४०० रुपये दिसायचे. चारशेचं आइस्क्रीम? चला घरी, फ्रीजमध्ये कुल्फी आहे. २०११च्या सप्टेंबरात गेलो तेव्हा तेराच्या आसपास गुणायचं, परत आलो तेव्हा बावीसच्या वर. दिरहम डॉलरला बांधलेला, एका डॉलरला ३.६७२५, १९९७पासून तसूभर हललेला नाही. घसरायचा तो आपला रुपया, आणि तो घसरला की तिथलं आइस्क्रीम माझ्यापुरतं आणखी महाग. (पगारही तेवढाच वाढायचा म्हणा. पण पगाराचा गुणाकार महिन्यातून एकदा आणि खर्चाचा दिवसातून वीसदा, त्यामुळे मनावर खर्चाचाच बसायचा.)

एक करक चहा सोडला तर बाहेर काही प्यायलो नाही. एक दिरहमला कागदी कप. तोही संपताना वाटायचं, बावीस रुपये गेले.

नातेवाईक म्हणायचे, मुलगा काटकसरी आहे. कसली काटकसर! भित्रा माणूस आणि पाढा पाठ, एवढंच.

मग मार्च २०२३मध्ये आमचा प्रोजेक्ट संपला, कंपनीने दुसरा घेतला नाही आणि आम्ही मुलुंडला परत आलो. मी, बायको, नववीत जाणारा मुलगा, साडेनऊ वर्षांची मुलगी आणि अकरा बॅगा. मुलुंड पूर्वेला वडिलांनी घेतलेला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट. वडील गेल्यापासून त्यात आई एकटी होती, आता पाच माणसं. डोक्यावर छप्पर होतं, भाडं नव्हतं, कर्ज नव्हतं. तिथल्या कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळाली. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा. माझा बेसिक ५,२०० दिरहम. पहिल्या पाचांचे १८,२००, पुढच्या साडेसहा वर्षांचे ३३,८००, म्हणजे बरोब्बर ५२,०००. साडेअकरा लाखांच्या वर रुपये. मी धंद्याने क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाचा माल आणि खर्च मोजणारा, असे हिशेब मला झोपेत येतात. पुढे जे झालं ते वाचताना हे लक्षात ठेवा.

निघायच्या आठवड्यात ऑफिसातल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: सोनं घेऊन जा, बाईला ४० ग्रॅम माफ आहे. मी चार तोळ्यांच्या बांगड्या बघूनही आलो. बायकोने कस्टमचा नियम काढून वाचला. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम दागिने, पण तेव्हा एक लाख रुपये किमतीपर्यंतच. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला साठ हजारांच्या घरात होतं, लाखात १७ ग्रॅमही धड बसत नव्हते. बांगड्यांचा बेत दीड तोळ्याच्या चेनवर आला. घरात बारीक अक्षरं वाचणारं माणूस कोण आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर मुंबई. पहिल्याच सकाळी स्टेशनकडच्या बाजारातून भाजी आणायला गेलो. कोथिंबिरीची जुडी २० रुपये. मनात उलटा पाढा आपोआप सुरू झाला: भागिले बावीस, एक दिरहमसुद्धा नाही! दोन जुड्या घेतल्या. मेथी, गवार, शेवग्याच्या शेंगा, एक पपई, सगळं मिळून ३४० रुपये. पंधरा दिरहम. शारजात पंधरा दिरहमला मी काय घ्यायचो ते आठवून मला अक्षरशः श्रीमंत वाटलं. घासाघीस केली नाही. मावशींनी कढीपत्ता फुकट घातला आणि वर म्हणाल्या, "परत या हां साहेब." बारा वर्षांत मला भाजीवाल्याने साहेब म्हटलं नव्हतं.

तो साहेब मग सहा महिने आमच्या घरात राहिला.

इस्त्रीवाला कपड्यामागे ८ रुपये? द्या सगळे, चादरीसुद्धा. केस कापायचे १५० रुपये, म्हणजे सात दिरहमही नाहीत? मग एसी सलूनमध्ये ४००चेच कापू, डोक्याला तेल लावून. डोसा ९०. रिक्षा. दहा मिनिटांत दारात सामान आणून टाकणारी ॲपं, हा तर चमत्कारच. स्वयंपाकघर जुनं झालंय, मॉड्युलर करून घेऊ: सव्वातीन लाख म्हणजे पंधरा हजार दिरहम, हात्तिच्या! गाडी तर हवीच. रस्त्यावर येईपर्यंत ९ लाख ८० हजार. मी मनात म्हटलं, ४४ हजार दिरहम, नवी कोरी, काय वाईट? शारजात मी १९ हजारांची सेकंडहँड गाडी नऊ वर्षं चालवली होती, हे त्या क्षणी आठवलं नाही. सोसायटीत पार्किंग नाही हेही नाही.

एसीचा किस्सा सांगायलाच हवा. तिकडे एसी म्हणजे भिंतीसारखा, कायम असतोच. त्या सवयीने मेमध्ये दोन्ही खोल्यांत रात्रंदिवस एसी. मुलुंडला वीज महावितरणची, आणि दर टप्प्यांचे. शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा, आणि चौथा पहिल्याच्या तिपटीच्या आसपास. आम्ही ६४० युनिट जाळले. बिल साडेनऊ हजारांच्या घरात. आईने बिल दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितलं. एकटी असताना तिचं बिल सातशेच्या वर जायचं नाही. मी भागाकार केला: ४२० दिरहम. उन्हाळ्यात शारजाचं बिल याहून जास्त यायचं. "ठीक आहे की," मी म्हणालो.

आई म्हणाली, "ठीक कुणाला?"

आणखी एक गोष्ट, जी पैशापेक्षा तोंडाची आहे. आम्ही राहिलो शारजात, पण सोसायटीत, गावात, मामेमावस बहिणींत आम्ही 'दुबईवाले'. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली तेव्हा बाकीच्यांनी हजार-हजार लिहिलेले. माझ्याकडे वही देताना सेक्रेटरी नुसते हसले. त्या हसण्याचे मी ५,००१ दिले. आत्याच्या नातवाचं बारसं, मित्राच्या मुलाची मुंज, गावच्या देवळाचं पत्रे बदलण्याचं काम, सगळीकडे दुबईच्या दराने. नोकरी तेव्हा नव्हती, बरं का. ती लागली ऑगस्टमध्ये, कुर्ल्याच्या एका बांधकाम कंपनीत. हातात ९८ हजार. शारजात एकूण तेरा हजार दिरहम मिळायचे, म्हणजे २ लाख ९० हजार. कमाई तिसऱ्या हिश्श्यावर आली होती आणि मी खर्च मात्र दिरहममध्ये मोजत होतो.

हे मला उमगलं नाही, बायकोने उघडं पाडलं. तारीखही सांगतो, १५ ऑक्टोबर २०२३, घटस्थापनेचा रविवार. मी मोठ्या अभिमानाने घरखर्चाची एक्सेल शीट केली होती. व्यवसायाचा गुण: प्रत्येक खर्चाला कोड, उपकोड, रंग. इमारतीचं सिमेंट दशांशापर्यंत मोजणारा माणूस, म्हटलं घराचंही बीओक्यू, म्हणजे मालाची मोजमाप-यादी, होऊन जाऊ दे. लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. सप्टेंबरचा खर्च १ लाख ८६ हजार ४००. ती अकाउंट्समधली, तिने रंग बघितले नाहीत.

"हा डी कॉलम कसला?"

"दिरहम. अंदाज यावा म्हणून."

"कसला अंदाज?"

मला सांगता येईना. १,८६,४०० शेजारी ८,४७३ लिहिलेलं होतं. खरं म्हणजे सगळी शीट मी त्याच कॉलमसाठी केली होती. तो बघितला की बरं वाटायचं. आठ हजारांत पाच माणसांचं घर! शारजात नुसतं घरभाडंच केवढं होतं, वर्षाचे चार चेक आधीच लिहून द्यावे लागायचे.

ती काही बोलली नाही. डी वर उजवं क्लिक करून कॉलम उडवला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मधली जागा भरून आली आणि खर्चाला चिकटून पगाराचा कॉलम बसला. १,८६,४००. ९८,०००. शेजारी शेजारी. मुलगा मागून वाकून बघत होता, तो म्हणाला, "बाबा, हे तर उलटं आहे." मी कंट्रोल झेड दाबायला हात नेला, तेवढ्यात तिने फाइल सेव्ह केली.

आमची बचत सुरू झाली ती तिथून. एसआयपीचा आकडा वगैरे सगळं त्यानंतरचं. पण या भागाकाराबद्दल कुणी सांगत नाही म्हणून एवढं लांबण लावलं. परत येणाऱ्याला पैसे कुठे गुंतवायचे ते सगळेच सांगतात.

त्या रात्री आम्ही सप्टेंबरच्या ॲपच्या ऑर्डरी मोजल्या. सत्तेचाळीस. त्यातली एक मी मुद्दाम लिहून ठेवली आहे: एक जुडी कढीपत्ता, दोन लिंबं. माल ३८ रुपयांचा, त्यावर डिलिव्हरी आणि हँडलिंग मिळून ३५. जिन्याखाली उतरलं की भाजीवाला उभा असतो आणि त्याच्याकडे कढीपत्ता फुकट मिळतो. मी ॲपं फोनवरून काढली. मुलाच्या फोनवर एक राहिलं ते दोन आठवड्यांनी चिप्सच्या पाकिटांमुळे उघडकीला आलं.

किराण्याचं उत्तर घरातच होतं आणि मी त्याला सहा महिने हसत होतो. आई १९८० च्या दशकापासून मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही संस्था १९७५ साली गुढीपाडव्याला सुरू झाली. आसपासच्या घरांचा मिळून एक संघ असतो, महिन्याची मागणी आधी भरून द्यायची, ठरलेल्या दिवशी ट्रक येतो, आणि माल उतरवून वाटायचं काम संघातली घरं आळीपाळीने करतात. दुकान नाही, म्हणून दुकानदाराचा नफाही नाही. आईचा संघ आमच्या आणि पलीकडच्या बिल्डिंगमधल्या घरांचा. पूर्वी मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात किती पोहे खाणार हे आज कोण सांगू शकतं? आई म्हणायची, "मी."

आणि तीच खरी मेख आहे. दरात थोडेफार वाचतात, कधी वाचतही नाहीत. फायदा असा की मागणीचा कागद भरताना महिन्यातून एकदा तुम्ही शांत बसून विचार करता. ॲप रात्री साडेदहाला विचारतं, तेव्हा तुम्हाला भूक लागलेली असते. आता फॉर्म भरायला आई आणि बायको दोघी बसतात, मी लिहितो. तूरडाळ किती यावर दर महिन्याला तेच भांडण. बायको तीन किलो म्हणते, आई चार. "आई, तुम्ही मागची अजून डब्यात आहे म्हणालात ना?" "आहे, पण ती पाहुण्यांसाठी." कोणते पाहुणे ते आजवर कळलेलं नाही.

आईला मी उगीच देवी करणार नाही. वीज वाचवणारी हीच बाई साड्यांच्या प्रदर्शनातून पिशवी घेऊन येते आणि ती दोन दिवस गादीखाली असते. भिशीचे पैसे कुठे जातात ते विचारायचं नाही असा घरात नियम आहे. गाडी विकायला तिचाच सगळ्यात जास्त विरोध होता. "लोक काय म्हणतील? आले आणि विकली?"

गाडीच्या बाबतीत मात्र भागाकार माझ्या उपयोगी पडला, हे कबूल करायला हवं. तेव्हा तिकडे पेट्रोल लिटरला तीन दिरहमच्या आसपास, इथे १०६ रुपये. बावीसने भागलं तरी पावणेपाच! मुंबईत आल्यावर भागूनही महाग वाटलेली ही एकमेव रोजची वस्तू. त्यात मुलुंड ते कुर्ला एलबीएस रोडने सकाळी सव्वा तास, आणि संध्याकाळी घरी आल्यावर जागा शोधत नवघर रोडच्या तीन फेऱ्या. लोकलने पंचवीस-तीस मिनिटं, आणि महिन्याचा सेकंड क्लास पास टाकी भरायच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही. पहिल्या आठवड्यात मला भांडुपलाच उतरवून टाकलं लोकांनी, दाराशी उभं राहायची अक्कल विसरलो होतो. आता मधल्या डब्यात माझा ग्रुप आहे. गाडी एकोणीस महिन्यांनी ७ लाख १० हजारांना गेली. २ लाख ७० हजारांचा तो फटका शीटमध्ये 'शिक्षण' या कोडखाली आहे. बायकोने टाकला.

वर्गणी आता ५०१. पहिल्या वर्षी सेक्रेटरींनी वही दोनदा बघितली. दुसऱ्या वर्षी कुणी बघितलंही नाही. दुबईवाले हे नाव मात्र चिकटलंय ते चिकटलंय.

आता कागदपत्रांचं थोडं, कारण यात मी माती खाल्ली. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, आणि त्यातल्या मुदत ठेवी मी तशाच ठेवल्या होत्या. व्याजावर कर नाही, मग हलवा कशाला? नोव्हेंबरात सीएबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. कायमचं राहायला परत आलात ना, मग फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दृष्टीने तुम्ही निवासी झालात. बँकेला लगेच कळवायचं, खातं साधं करून घ्यायचं. ठेव ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालते, पण व्याजाची करमाफी परत आल्यापासून संपली. मी म्हटलं, ते आरएनओआर, 'निवासी पण साधारण निवासी नाही' की काय असतं ना, दोन वर्षं सूट? असतं, त्या म्हणाल्या, पण ते परदेशातल्या उत्पन्नासाठी. एनआरईचं व्याज भारतातलंच. आरएनओआर ठरायची एक कसोटी म्हणजे मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं नसणं, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसलो. २३१ दिवस भरले. सात वर्षांत आईच्या वाट्याला आलेले दिवस असे एका आकड्यात बघायची माझी तयारी नव्हती. मी तो कागद सीएबाईंना दिला, घरी दाखवला नाही.

त्याच बैठकीत निघालं की आम्ही नशिबाने एक गाडी पकडली होती. सुकन्या समृद्धी खातं मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, आणि अनिवासी असताना उघडता येत नाही. म्हणजे परत आल्यापासून आमच्या हातात साडेसात महिने होते. मी त्यातले सात मॉड्युलर किचनच्या हँडलमध्ये घालवले. बायकोला पोस्टात दुसऱ्याच कामासाठी रांगेत उभं असताना भिंतीवरच्या पोस्टरवर हे दिसलं. वाढदिवस नोव्हेंबरात, खातं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा व्याज ८ टक्के होतं, पुढच्या जानेवारीपासून ८.२ झालं. पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मिळणार. धाकटीला पासबुक दाखवलं तर म्हणाली, "माझे आहेत तर मला आत्ता का नाही?" प्रश्न चुकीचा नाही.

माझं पीपीएफ २००८मध्ये, जायच्या आधी उघडलेलं. १ एप्रिल २०२४ला पिकलं. बाहेर असतो तर बंद करावं लागलं असतं. निवासी झालो म्हणून पाच वर्षं वाढवता आलं. व्याज तेव्हापासून आजतागायत ७.१ टक्केच, फार नाही, पण करमुक्त. आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायचं, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वात कमी शिल्लक व्याजाला धरतात. वडील हे दर महिन्याला एकदा बोलून दाखवायचे. चार तारखेला सकाळी आई अजूनही विचारते, "भरलेस?" यूपीआयच्या जमान्यात तिला वाटतं मी रांगेत उभा राहणार आहे.

विम्यात उशीर झाला याची मात्र रुखरुख आहे. तिकडे कंपनीचा होता म्हणून इथला कधी घेतलाच नाही. आईला मधुमेह, आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावं लागतं, २०२४च्या नियमाने जास्तीत जास्त तीन वर्षं. आमचं ते घड्याळ आम्ही उशिरा चालू केलं. तोवर तिच्यासाठी वेगळी ठेव मोडता येईल अशी ठेवली आहे, तिला तिची रक्कम माहीत नाही, नाहीतर प्रदर्शनं वाढतील. चौघांच्या पॉलिसीचा हप्ता २८ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे पाच हजार चाळीस. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. ती पाच हजारांची बातमी आली त्या दिवशी बायकोने पेढे आणले, १८० रुपयांचे.

काय जमलं नाही तेही लिहितो. महिन्याला किती हॉटेल याचा नियम चार वेळा केला आणि चार वेळा मोडला. मुलुंडमध्ये राहून खायचं नाही म्हणजे अघोरी आहे. एसीचा तह असा आहे की सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, रात्री दहा ते तीन. मुलगा तीन वाजता उठून हॉलमध्ये पंख्याखाली जातो आणि सकाळी माझ्याशी बोलत नाही. मे महिन्याचं बिल आता तीनशे युनिटच्या अलीकडे-पलीकडे. महाराष्ट्र सेवा संघाच्या लायब्ररीसाठी रेल्वे ओलांडून पश्चिमेला जातो, हा मला स्वस्तातला रविवार वाटतो, मुलांना शिक्षा वाटते. बायको दुकानदारांचे जीएसटी रिटर्न घरून भरून देते, त्यातून मुलीची फी निघते. शीट आता तीच सांभाळते. त्यात रंग नाहीत.

महिन्याला आता २२ हजार बाजूला पडतात. कधी अठरा. आकडा बावीस आहे हा निव्वळ योगायोग. आणि तसंही, आता कुणाला भागायचंच असेल तर बावीसपेक्षा मोठ्या आकड्याने भागावं लागेल.

गेल्या महिन्यात संघाच्या वाटपाची पाळी आमच्या घराची होती. ट्रक सकाळी साडेनऊला आला. खालच्या पॅसेजमध्ये चटया टाकल्या, मी यादी घेऊन खुर्चीवर, मुलगा पिशव्या उचलून घरागणिक लावतोय, धाकटी खुणा करतेय. साखर, रवा, शेंगदाणे, तेलाचे कॅन. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकू म्हणाल्या, "दुबईवाले, आमचा गूळ कमी आहे का बघा." कमी नव्हता, पोह्यांखाली होता. साडेअकरापर्यंत सगळी घरं आपापलं घेऊन गेली आणि चटईवर साबुदाण्याची एक किलोची पिशवी उरली.

उरलेला माल हा माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द आहे. मी यादी पहिल्यापासून लावायला घेतली. एकेका घराला फोन केला. चौघांनी सांगितलं, आमचा मिळाला. तिघांनी मागवलाच नव्हता. गोदामातून जास्तीचा आला असेल तर परत पाठवायला हवा, चिठ्ठी करायला हवी. वीस मिनिटं मी जिन्यात उभं राहून एक किलो साबुदाण्याचा मेळ घालत होतो. शेवटी आमचाच फॉर्म काढला, जो मी स्वतः लिहिला होता. तळाला, माझ्या अक्षराच्या खाली, पेन्सिलीने, आईच्या अक्षरात: साबुदाणा १.

वर गेलो. आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती.

"अगं, साबुदाणा तू लिहिलास?"

"एकादशी आहे ना."

"मग सांगायचं तरी."

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही दोघांनी अर्धा किलो केला असता."